ओझोनने पाणी खरंच निर्जंतुक झालं का? क्यू.सी.मध्ये (गुणवत्ता तपासणीत) नव्याने आलेल्यांसाठी

बाटलीबंद पाण्याच्या प्लांटमध्ये नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी ओझोनच्या पॅनलपुढे उभं करतात. हिरवा दिवा लागलेला असतो, जनरेटर गुणगुणत असतो, आणि जवळ गेलं की नाकात चढणारा तो वास येतो, वीज कडाडून गेल्यावर हवेत येतो तसा. "ओझोन चालू आहे मॅडम, पाणी ओके," असं म्हणून ऑपरेटर पुढच्या मशीनकडे वळतो.

यातल्या कशावरूनही पाण्यातले जंतू मेले की नाही हे कळत नाही. दिवा लागलाय म्हणजे यंत्राला वीज मिळतेय. वास येतोय म्हणजे पाण्यात विरघळायला हवा होता तो वायू खोलीत निसटतोय. जंतू मेले का हे सांगायला दोन आकडे लागतात: पाण्यात ओझोन किती शिल्लक आहे, आणि तो त्या पाण्यासोबत किती वेळ राहिला. हे दोन्ही मोजायचे कसे, ते इथे पायरीपायरीने सांगते. उदाहरणाला आपल्याकडे सगळीकडे दिसतो तसा प्लांट घेऊ: बोअरचं पाणी, आर.ओ., मग ओझोनची कॉन्टॅक्ट टँक (जिथे ओझोन आणि पाणी एकत्र राहतात), मग जार आणि बाटल्या. ताशी ५,००० लिटर.

आधी एक सुरक्षेची गोष्ट. हवेतल्या ओझोनसाठी अमेरिकेत कामगारांच्या आठ तासांच्या पाळीला ०.१ पीपीएम ही मर्यादा आहे. नाकाला वास त्याहून कमी प्रमाणातही येतो, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. म्हणून खोलीत ओझोनचा गळती-अलार्म हवा, एक्झॉस्ट पंखा चालू हवा आणि टँकमधून सुटणारा वायू डिस्ट्रक्टरमधूनच, म्हणजे ओझोन नष्ट करणाऱ्या यंत्रातूनच, बाहेर जायला हवा. खोकला आला, डोळे चुरचुरले तर नमुना तिथेच सोडा आणि आधी बाहेर या.

पहिली पायरी: पाण्यात ओझोन किती सोडतोय

जनरेटरवर "१० ग्रॅम प्रति तास" असं लिहिलेलं असतं. ताशी ५,००० लिटर पाण्यात १० ग्रॅम म्हणजे लिटरला २ मिलीग्रॅम. हा झाला डोस, तोही कागदावरचा. त्यातला काही भाग पाण्यात विरघळतच नाही, बुडबुड्यांतून वर निघून जातो. विरघळतो त्यातला काही भाग लोह, मँगनीज, सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतात. उरतो तो रेसिड्युअल ओझोन. जंतू मारण्याचा हिशेब आपण या उरलेल्या ओझोनवरच करतो.

कागदावरचा आकडा खोटा ठरण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दमट हवा. जनरेटरला कोरडी हवा किंवा ऑक्सिजन लागतो. ओल असेल तर ओझोन कमी तयार होतो, आणि हवेवर चालणाऱ्या जनरेटरमध्ये नायट्रिक आम्ल बनून आतले भाग खराब होतात. कोकणपट्टीतल्या एका प्लांटमध्ये मी हे जुलैत पाहिलं. पॅनलवर शंभर टक्के दिसत होतं आणि टँकच्या बाहेर रेसिड्युअल मिळत होतं लिटरला ०.०४ मिलीग्रॅम. दोन दिवस सगळे जनरेटरकडेच बघत होते. शेवटी हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं झाकण उघडलं तर निळी असायला हवी ती सिलिका जेल पूर्ण गुलाबी झाली होती. जेल बदलली आणि त्याच दुपारी रेसिड्युअल ०.३ च्या आसपास आलं. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे जेलचा रंग बघणं.

दुसरी पायरी: रेसिड्युअल मोजणं

इथे वेळ द्या. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

ओझोन हा पाण्यात टिकून बसणारा पदार्थ नाही. साधारण तापमानाच्या पाण्यात तो काही मिनिटांत निम्मा होतो; पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका लवकर. शिवाय पाणी खळाळलं की तो हवेत उडून जातो. म्हणून नमुना बाटलीत भरून लॅबमध्ये नेला, मग दहा मिनिटांनी मोजला, तर तुम्ही जे मोजलं त्याचा टँकमधल्या ओझोनशी काहीही संबंध नसतो. अभिकर्मक (तपासणीचं रसायन) नळापाशी न्यायचा, पाणी लॅबकडे आणायचं नाही.

पद्धत वापरायची ती इंडिगोची. १९८१ मध्ये बाडर आणि होइग्ने या शास्त्रज्ञांनी ती मांडली आणि आज पाणी तपासणीच्या प्रमाण पद्धतींत तीच आहे. पोटॅशियम इंडिगो ट्रायसल्फोनेटचं आम्लयुक्त द्रावण गडद निळं असतं. ओझोनचा रेणू त्या रंगावर लगेच तुटून पडतो आणि निळा रंग फिका होतो. किती फिका झाला त्यावरून ओझोन किती होता ते कळतं. रंग एकदा गेला की मोजणी जणू गोठते, मग नमुना सावकाश लॅबमध्ये नेला तरी चालतो. या पद्धतीचा खरा फायदा हाच.

१०० मिलीचे दोन व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क घ्या. दोन्हींत १० मिली इंडिगो द्रावण घाला. एकात खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरा, हा ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा ओझोन नसलेला नमुना. दुसरा नळापाशी न्या. नळाला टेफ्लॉनची किंवा स्टीलची छोटी नळी लावलेली असू द्या. रबर ओझोन खातं आणि स्वतःही तडकतं. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. मग धार बारीक करा, नळीचं टोक फ्लास्कच्या तळाशी, निळ्या द्रावणाच्या आत बुडवा आणि पाणी खालून वर खुणेपर्यंत चढू द्या. एकही बुडबुडा नको. वरून धार सोडली तर फेस होतो आणि त्या फेसाबरोबर ओझोन जातो. नीट भरलं तर डोळ्यांसमोर दिसतं: तळाशी आधी निळा रंग विरळ होतो, मग आकाशी होतो, आणि फ्लास्क हलकेच उलटासुलटा केला की सगळीकडे सारखा पसरतो.

दोन्ही द्रावणं १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात) भरून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६०० नॅनोमीटरला वाचा. द्रावणाने प्रकाश किती शोषला तो आकडा म्हणजे शोषण. हिशेब सोपा आहे: ब्लँक आणि नमुना यांच्या शोषणातला फरक गुणिले १००, भागिले ०.४२ गुणिले क्युव्हेटची रुंदी गुणिले नमुन्याचे मिली. समजा ब्लँक ०.१९६ आला आणि नमुना ०.०८३. फरक ०.११३. त्याला १०० ने गुणलं की ११.३. खाली ०.४२ × १ × ९० (१०० मिलीतून इंडिगोचे १० वजा) म्हणजे ३७.८. उत्तर ०.३० मिलीग्रॅम प्रति लिटर.

फ्लास्क पूर्ण पांढरा पडला तर आकडा लिहू नका. इंडिगो संपला, ओझोन उरला, म्हणजे खरी किंमत तुमच्या मोजण्याच्या पलीकडे आहे. डिस्टिल्ड पाणी थोडं आधीच घालून नमुना निम्मा घ्या आणि हिशेबात ९० च्या जागी ४५ धरा. अशा वेळी नमुना नेमका किती मिली गेला हे फ्लास्कच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनावरून काढणं सगळ्यात खात्रीचं. आणखी एक: इंडिगोचं द्रावण जुनं झालं की आपोआप फिकं होतं. ब्लँकचं शोषण रोज लिहून ठेवा. सुरुवातीच्या ८० टक्क्यांखाली गेलं की द्रावण फेकून नवीन करा.

पाण्यात क्लोरीन असेल तर तोही इंडिगोचा रंग उतरवतो, म्हणून तेव्हा मॅलोनिक आम्ल घालावं लागतं. क्लोरीनसाठीचं नेहमीचं डीपीडी किट ओझोनसाठी वापरायचा मोह होतो, पण ते पाण्यातले सगळे ऑक्सिडंट एकत्र मोजतं. आणि ओआरपी मीटर, म्हणजे पाण्याची ऑक्सिडेशनची ताकद मिलीव्होल्टमध्ये दाखवणारा? तो राखणदार म्हणून चांगला आहे. आकडा एकदम पडला की काहीतरी बिघडलं हे तो लगेच सांगतो. पण ओआरपीचे मिलीव्होल्ट पीएचसोबतही बदलतात, त्यावरून ओझोनचे मिलीग्रॅम काढू नका.

तिसरी पायरी: वेळ

टँकमध्ये ५०० लिटर पाणी, प्रवाह ताशी ५,००० लिटर. भागाकार केला तर ६ मिनिटं येतात, आणि बऱ्याच प्लांटच्या फायलीत "कॉन्टॅक्ट टाइम ६ मिनिटं" असंच लिहिलेलं असतं. ही सरासरी आहे. पाणी काही शिस्तीत रांग लावून टँकमधून जात नाही. इनलेटमधून आलेल्या पाण्यातलं काही सरळ आउटलेटकडे पळतं, काही कोपऱ्यात फिरत बसतं. पिणाऱ्याला धोका आहे तो पळणाऱ्या पाण्याचा. म्हणून हिशेबात घ्यायचा वेळ तो, ज्याच्या आत फक्त पहिलं १० टक्के पाणी बाहेर पडलेलं असतं. यालाच टी-टेन म्हणतात.

आत एकही आडभिंत नसलेल्या टँकसाठी टी-टेन हा सरासरी वेळेच्या एक दशांशच धरतात, म्हणजे आपल्या टँकमध्ये ०.६ मिनिटं. आडभिंती बऱ्या असतील तर निम्मा, उत्तम असतील तर ०.७ पट. पण अंदाजापेक्षा एकदा मोजून घ्या, आर.ओ.च्या पाण्यात हे मोजणं फार सोपं आहे, कारण त्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) मुळातच कमी असते आणि चिमूटभर मीठही लगेच दिसतं.

ओझोन बंद करा आणि त्या वेळचं सगळं पाणी ड्रेनला सोडा. प्रयोगशाळेच्या दर्जाच्या सोडियम क्लोराइडचं १० टक्के द्रावण डोसिंग पंपाने टँकच्या इनलेटवर ताशी ५ लिटरने सोडायला लागा. त्याने पाण्यात लिटरला साधारण १०० मिलीग्रॅम मीठ जातं. आउटलेटवर कंडक्टिव्हिटी मीटर धरून दर १० सेकंदांनी वाचन लिहा, आकडा वर जाऊन स्थिर होईपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतील. समजा सुरुवातीला ४० मायक्रोसीमेन्स होते आणि शेवटी २४० वर स्थिरावले. एकूण वाढ २००, तिचे १० टक्के २०. म्हणजे आकडा ६० ला कधी पोचला ते शोधा. तो १ मिनिट ४८ सेकंदांना पोचला असेल तर टी-टेन १.८ मिनिटं. फाइलीतल्या सहा मिनिटांचा हा खरा चेहरा.

स्वयंपाकाचं मीठ यासाठी वापरू नका. ते समुद्राचं असतं, त्यात ब्रोमाइड असतं, आणि ओझोन पुन्हा चालू केल्यावर त्याचं ब्रोमेट होतं. मोजणी कोणत्या प्रवाहावर आणि टँकच्या कोणत्या पातळीवर केली तेही लिहून ठेवा. ही चाचणी रोजच्या कामात जो सगळ्यात जास्त प्रवाह आणि जी सगळ्यात कमी पातळी येते तिथेच करायची.

चौथी पायरी: गुणाकार

आउटलेटचं रेसिड्युअल गुणिले टी-टेन. याला सीटी म्हणतात. आपल्याकडे ०.३ × १.८ = ०.५४.

आता हा आकडा पुरेसा आहे का, हे कोणत्या जंतूबद्दल विचारता आणि पाणी किती गार आहे यावर ठरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे २५ अंश सेल्सियसला जिआर्डिया हा आतड्यांचा परजीवी हजारात एकच उरावा, म्हणजे ३ लॉग घट व्हावी, यासाठी सीटी ०.४८ लागतो. विषाणू दहा हजारात एक उरावा, म्हणजे ४ लॉग, यासाठी ०.३. आपला ०.५४ दोन्हींना पुरतो. पण तेच पाणी १५ अंशांचं असेल तर जिआर्डियासाठी ०.९५ आणि विषाणूंसाठी ०.६ लागतो, आणि आपण दोन्हींत कमी पडतो. नाशिककडे डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे किती गार असतं ते हात घालून पाहा, म्हणजे नोंदवहीत तापमानाचा रकाना का हवा ते कळेल. उन्हाळ्यात पाणी २५ अंशांच्या वर गेलं तर २५ चाच आकडा वापरा. गरम पाण्यात ओझोन विरघळतोही कमी आणि जातोही लवकर, तेव्हा सीटीची गरज कमी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. रेसिड्युअल जास्त वेळा मोजा.

आणि क्रिप्टोस्पोरिडियम. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिशिगन सरोवराचं प्रक्रिया केलेलं पाणी पिऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते या परजीवीमुळे. क्लोरीनला तो जुमानत नाही. त्यानंतर १९९८ मध्ये शहराच्या दोन्ही जलशुद्धीकरण केंद्रांत ओझोन बसवला गेला. ओझोन त्याला मारतो हे खरं, पण कितीने? २५ अंशांना फक्त १ लॉगसाठी सीटी २.५ लागतो आणि ३ लॉगसाठी ७.४. आपल्या ०.५४ मध्ये जेमतेम ०.२ लॉग पदरात पडतो. बाटलीबंद पाण्याच्या प्लांटमध्ये या जंतूला अडवायचं काम आर.ओ.चं आणि बारीक फिल्टरचं आहे. त्याच्या ऊसिस्टचा, म्हणजे कवचातल्या रूपाचा, आकार ४ ते ६ मायक्रॉन असतो. "ओझोन आहे ना" म्हणून फिल्टरची तपासणी लांबवणारा सुपरवायझर भेटला तर त्याला ०.५४ आणि ७.४ हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

सीटी वाढवायचा म्हणून ओझोन मात्र भरमसाट वाढवू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाटली भरतानाची कमाल मर्यादा ०.४ मिलीग्रॅम प्रति लिटर ठेवली आहे. त्याऐवजी टँकमध्ये दोन आडभिंती बसवा. त्याच ओझोनमध्ये टी-टेन दुप्पट होऊ शकतो, आणि तो खर्च एकदाच असतो.

पाचवी पायरी: जंतू मोजणं

सीटी हा हिशेब आहे, प्लेटवरची वसाहत (जंतू वाढून दिसणारा ठिपका) हा पुरावा. दोन्ही हवेत, पण पुरावा नीट गोळा केला तरच.

जंतूंच्या नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं. ते नसेल तर ओझोन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत प्लेट स्वच्छ येते. टँकने जे केलं नाही त्याचं श्रेय टँकला मिळतं. मी पाहिलेल्या चांगल्या निकालांपैकी बरेचसे असेच होते, आणि थायोसल्फेट घातल्याबरोबर प्लेटवर वसाहती दिसू लागल्या.

नमुना टँकच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे घ्या. आधी मिलीला ४० वसाहती आणि नंतर एकही नाही, असं आलं तर आनंद आहेच, पण लॉगमध्ये ते १.६ च्या आसपासच जातं. मुळात ४० असतील तर हजारपट घट झाल्याचं दाखवणार कुठून? आर.ओ.च्या पाण्यात हेच होतं, आणि म्हणूनच सीटीचा हिशेब लागतो. निकाल लिहिताना नुसतं "शून्य" लिहू नका. "१ मिलीत १ पेक्षा कमी" असं लिहा.

मोठी घट दाखवायची असेल तर ती लॅबमध्ये, काचेच्या भांड्यात. प्लांटच्या टँकमध्ये जंतू कधीही सोडायचे नाहीत. ई. कोलाय वाढवून, सेंट्रिफ्यूज करून दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर ब्रॉथमधले (जंतू वाढवायच्या द्रवातले) पदार्थच सगळा ओझोन खातील. प्लांटच्याच पाण्यात मिसळा, ओझोन द्या, ठरल्या सेकंदांना थायोसल्फेटने थांबवा, डायल्यूशन करून प्लेट लावा. ओझोन न दिलेलं एक भांडं शेजारी हवंच. ३,२०,००० चे ३२ झाले तर दहा हजारपट, म्हणजे ४ लॉग.

तयार मालासाठी आयएस १४५४३ या बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ई. कोलाय आणि कोलिफॉर्म २५० मिलीत अजिबात नकोत. एकूण जिवाणूंसाठी ३७ अंशांना मिलीला २० आणि २० ते २२ अंशांना १०० ही कमाल मर्यादा आहे.

सहावी पायरी: ब्रोमेट

पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ब्रोमेटने कर्करोगाचा धोका संभवतो, आणि एकदा तयार झालं की ते बाटलीत तसंच राहतं. ओझोनसारखं विरून जात नाही. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये खारं पाणी शिरत असेल तर ब्रोमाइडची तपासणी बाहेरच्या लॅबमधून आधी करून घ्या. ही तपासणी आयन क्रोमॅटोग्राफीवर होते, आपल्या क्यू.सी.च्या टेबलावर नाही.

नोंदवही

दर शिफ्टला दोन वेळा एक ओळ: वेळ, प्रवाह, टँकची पातळी, पाण्याचं तापमान, पीएच, ब्लँकचं शोषण, नमुन्याचं शोषण, आउटलेटचं रेसिड्युअल, फिलिंग हेडचं (बाटली भरणाऱ्या तोटीचं) रेसिड्युअल, सीटी, सिलिका जेलचा रंग, सही. शोषणाचे कच्चे आकडे लिहाच. नुसतं "०.३०" लिहिलं तर महिन्याभराने चूक शोधता येत नाही.

सीटी ठरलेल्या आकड्याखाली गेला तर फिलिंग थांबवा आणि शेवटच्या चांगल्या वाचनानंतर भरलेले जार बाजूला काढा. मग या क्रमाने बघा: नमुना नीट घेतला का, इंडिगो ताजं आहे का, ड्रायर कोरडा आहे का, वायूचा प्रवाह किती, व्हेंचुरी (पाण्यात वायू ओढून घेणारी अरुंद नळी) ओढते का, पाण्यात लोह वाढलं का, आणि सगळ्यात शेवटी जनरेटर. फिलिंग पुन्हा सुरू करण्याआधी पाच मिनिटांच्या अंतराने दोन नमुने घ्या आणि दोन्ही आकडे त्याच ओळीखाली लिहा.